दीड मिलिमीटर

पालखी पुण्यात यायला नऊ दिवस उरले होते आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर सात वॉकीटॉकी सेट ओळीने उभे होते. हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणारी मंडळी, त्यांना हँडी म्हणतात. सात सेट सात जणांचे, सगळे परवाना असलेले हॅम, आणि काम एकच: दिवे घाटात वैद्यकीय मदत करणाऱ्या एका पथकासोबत ठरावीक अंतरावर उभं राहायचं आणि निरोप पोचवायचे. माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम हलवून सासवडकडे निघते, त्या दिवशी घाटात माणसांचा असा लोट असतो की मोबाईलवर रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात, पण फोन लागत नाही. कुणाला भोवळ आली, कुणाचा पाय मुरगळला, तर रुग्णवाहिका वरच्या वळणावर आहे की खाली वडकीकडे, हे लगेच कळायला हवं.

सेट तयार करायचं काम काकांनी माझ्याकडे दिलं. कोथरूडचे हे काका आम्हा सगळ्यांचे गुरू. परवान्याच्या परीक्षेआधी तीन महिने, दर रविवारी सकाळी, त्यांनी मला समोर बसवून ओहमच्या नियमापासून अँटेनाच्या लांबीपर्यंत सगळं शिकवलं होतं. ते म्हणाले, "सातही सेटमध्ये चॅनेल अगदी सारखे पाहिजेत हं. एकाच्या सेटवर तीन नंबरला एक आणि दुसऱ्याच्या सेटवर तीन नंबरला भलतंच, असं घाटात चालायचं नाही." मी हो म्हटलं आणि सगळे सेट पिशवीत घालून घरी आणले.

सेट सगळे बाओफेंग यूव्ही-५आर, त्याच घराण्यातले. या सेटमध्ये १२८ चॅनेल साठवता येतात. बटणं दाबूनही चॅनेल भरता येतो. मी दोन भरून पाहिले. फ्रिक्वेन्सी टाकायची, मेनूत जाऊन टोन (बोलण्यासोबत जाणारा ओळखीचा सूर) ठरवायचा, पुन्हा मेनू, ऑफसेट, पुन्हा मेनू, मग साठवायचं. रिपीटरचा, म्हणजे आपला आवाज ऐकून तो पुढे लांबवर पाठवणाऱ्या केंद्राचा, चॅनेल असेल तर ऐकायची फ्रिक्वेन्सी एकदा आणि बोलायची दुसऱ्यांदा, अशी दोनदा साठवावी लागते. एवढं करूनही चॅनेलला नाव देता येत नाही, ते फक्त संगणकावरून. आम्हाला बारा चॅनेल हवे होते. बारा सत्ते चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी वेळा हेच करताना एखादा आकडा चुकणारच, आणि तो चुकलेला आकडा घाटात, गर्दीत, कुणाला तरी मदत हवी असतानाच सापडणार. म्हणून केबल: सेट संगणकाला जोडायचा आणि सगळे चॅनेल तिथून एकदम भरायचे.

केबल दिसायला साधी असते. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला काळ्या प्लास्टिकच्या एकाच ठोकळ्यातून बाहेर आलेल्या दोन पिना, एक ३.५ मिलिमीटरची आणि एक २.५ची. ही जोडी केनवूडच्या सेटची म्हणून ओळखली जाते. पुढे कितीतरी सेटांनी तीच घेतली. सेट समोर धरला की उजव्या अंगाला एक रबरी झाकण असतं. ते नखाने उचकटलं की आत दोन भोकं दिसतात. एरवी याच भोकांत हँडमाइक लागतो. म्हणजे बोलणं, ऐकणं, बोलायच्या बटणाचा इशारा आणि संगणकाशी देवाणघेवाण, हे सगळं या दोन पिनांवरच्या मोजक्या कड्यांवरून चालतं. यूएसबीच्या टोकाच्या फुगीर भागात एक चिमुकली चिप असते. संगणक यूएसबीची भाषा बोलतो, सेट जुन्या सिरियल पोर्टची. ही चिप मधली दुभाषी.

पहिल्या रात्री जेवणं उरकल्यावर बसले. चर्प नावाचं सॉफ्टवेअर आधीच उतरवून ठेवलं होतं. डॅन स्मिथ या अमेरिकी हॅमने लिहायला घेतलेलं, आता अनेकांनी मिळून जपलेलं, पूर्ण मोफत. शेकडो प्रकारचे सेट त्याला कळतात. मला या प्रकल्पाबद्दल फार आदर आहे. कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर एकेका सेटला बांधलेली असतात, आणि इथे जगभरचे हॅम रात्री जागून अनोळखी लोकांच्या सेटांसाठी काम करतात.

केबल लॅपटॉपला लावली. विंडोजने टुंग आवाज केला आणि थांबला. डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर केबलच्या नावावर पिवळा त्रिकोण. आत लिहिलेलं: हे उपकरण सुरू होऊ शकत नाही, कोड १०.

या कोडमागची गोष्ट मला त्या रात्री कळली. केबलमधली चिप होती पीएल२३०३ म्हणवणारी. ही चिप इतकी चालली की तिच्या नकला बाजारात भरभरून आल्या. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या, आतून वेगळ्या. मग मूळ चिपवाल्यांनी नवा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला चिपशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, काढला, तो नक्कल ओळखतो आणि चालायला नकार देतो. जुन्या खऱ्या चिपाही आता त्यांनी यादीतून काढल्यात. नव्या विंडोजवर नावाच्या जागी चक्क 'ही चिप २०१२पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा' अशा अर्थाची ओळ येते. माझी केबल ऑनलाइन मागवलेली, त्यामुळे चिप खरी की खोटी हे घेताना कळायला काही मार्गच नव्हता. ज्यांना आज केबल घ्यायची असेल त्यांनी चिप कुठली हे विचारूनच घ्यावी. एफटीडीआय या कंपनीची खरी चिप असलेली केबल थोडी महाग पडते, पण ही सगळी रात्र वाचते.

उपाय असा: विंडोजने आपणहून बसवलेला नवा ड्रायव्हर बाजूला सारून जुना बसवायचा, ३.३.२.१०५ हा त्यासाठी सर्वांच्या ओळखीचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर अपडेट करायला जायचं, 'संगणकावरच्या यादीतून मी निवडते' असं सांगायचं आणि यादीतली जुनी आवृत्ती उचलायची. मी उचलली. पिवळा त्रिकोण गेला, कॉम ४ असा पोर्ट दिसायला लागला. साडेअकरा वाजले होते. मी खुश होऊन चर्पमध्ये 'डाउनलोड फ्रॉम रेडिओ' दाबलं, पोर्ट निवडला, सेटचं मॉडेल निवडलं. एक सूचनांची खिडकी आली, मी ओके केलं. दहाएक सेकंदांनी उत्तर आलं: रेडिओ डिड नॉट रिस्पॉन्ड. सेटकडून प्रतिसाद नाही.

इथे माझी खरी चूक झाली, आणि ती सविस्तर सांगायला हवी, कारण पुढचे दोन दिवस त्या एका चुकीत गेले. मला वाटलं, ड्रायव्हरचा उपाय चुकला. पोर्ट दिसतोय खरा, पण चिप नकली आहे म्हटल्यावर आत काहीतरी अडलेलंच असणार. म्हणून मी जुना ड्रायव्हर काढून टाकला आणि दुसरा शोधायला लागले. म्हणजे हातात आलेला बरोबर उपाय मी स्वतःच्या हाताने परत घालवला. दोष एकच असेल असं मी धरून चालले होते. दोष दोन होते, एकामागे एक. पुढचा काढला तरी मागचा तसाच होता, म्हणून पुढचा काढल्याचा पुरावाच मिळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचा आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स. तो म्हणाला, "मावशी, लिनक्सवर ड्रायव्हरची भानगडच नाही. कर्नलमध्येच असतो." केबल लावली, त्याने टर्मिनलमध्ये डीमेसेज चालवून दाखवलं, आणि खरंच, पीएल२३०३ जोडली गेली, टीटीवाय-यूएसबी-० असं नाव मिळालं. चर्प उघडलं तर परवानगी नाही. तेही सोपं निघालं: आपल्या खात्याला डायलआउट गटात घालायचं, लॉगआउट करून परत यायचं. पाच मिनिटांत झालं. डाउनलोड दाबलं.

रेडिओ डिड नॉट रिस्पॉन्ड.

आम्ही दुसरा सेट घेतला, तिसरा घेतला. सातही सेट लावून पाहिले. सातांकडूनही तेच. भाचा म्हणाला, "सात सेट एकदम बिघडणार नाहीत. म्हणजे केबलच." त्याचं बरोबर होतं, पण मी त्याचा अर्थ 'चिप' असा घेतला. केबलला दुसरं टोकही आहे, हे तेव्हा सुचलं नाही.

तिसऱ्या रात्री मी प्लग जोराने दाबून पाहिला. अंगठा दुखेपर्यंत. आणि अचानक सेटवरचा दिवा लाल झाला. लाल दिवा म्हणजे सेट प्रसारण करतोय. बोलायचं बटण दाबलेलं नव्हतं, तरी सेट हवेत लहरी सोडत होता. मी घाबरून केबल उपटली. दिवा विझला. काकांना फोन लावला तेव्हा दहा वाजून गेले होते, पण ते जागे असतात.

"अँटेना लावलेली होती ना?" पहिला प्रश्न हा.

"हो, काका."

"मग सेटला काही झालं नसेल. अँटेना नसताना प्रसारण झालं असतं तर शेवटचा ट्रान्झिस्टर जायची भीती असते. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर होता?"

"१४५च्या आसपास."

"बरं. आपल्याच, हॅमच्या बँडमध्ये होता. यापुढे केबल लावताना पॉवर लो वर ठेव आणि सेट आपल्या बँडमधल्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर ठेव. आता मला सांग, केबल आत जाताना टक्क आवाज किती वेळा येतो?"

मी प्लग काढून परत घातला. कान लावून ऐकलं.

"एकदा."

"दोनदा यायला पाहिजे. प्लग बसतच नाहीये अगं तुझा."

ते मला फोनवर समजावत होते आणि मी एका हातात प्लग धरून बघत होते. पिनेवर काळ्या रेघांनी वेगळ्या केलेल्या कड्या असतात: टोक, मधली कडी, मुळाकडची कडी. सेटच्या आत प्रत्येक कडीसाठी एक पितळी पत्ती वाट बघत असते. पिन पूर्ण आत गेली तर जी ती कडी ज्या त्या पत्तीला टेकते. थोडी बाहेर राहिली तर कड्या सरकलेल्या असतात. एक कडी चुकीच्या पत्तीला टेकते, किंवा दोन पत्त्यांना एकदम. बोलायच्या बटणाची तार आणि डेटाची तार याच घोळक्यात असतात. म्हणून माझा अंगठा दाबल्यावर सेटला वाटलं बटण दाबलंय, आणि लाल दिवा लागला. सेट ठणठणीत होता. तो त्याला जे सांगितलं जात होतं ते करत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून सुटल्यावर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. तिथल्या एका छोट्या दुकानात ३.५ आणि २.५चे सुटे स्टिरिओ प्लग घेतले, दोन्ही मिळून एका चहा-क्रीमरोलच्या पैशात. घरी येऊन सुटा ३.५चा प्लग, त्याचं टोपण काढून, सेटच्या भोकात घातला. टक्क. टक्क. दोनदा. जिथे तो सेटच्या कडेशी आला तिथे बारीक पेनने खूण केली. मग केबलची पिन घालून, दिसेल तेवढ्या फटीतून तिच्यावरही खूण केली आणि दोन्ही पिना टोकाला टोक लावून शेजारी धरल्या. खिडकीतल्या उजेडात फरक स्पष्ट दिसला. मोजपट्टीवर दीड मिलिमीटर.

दीड मिलिमीटर कुठे अडत होता तेही मग दिसलं. सेटच्या भोकांभोवती एक उथळ खोलगट जागा आहे, रबरी झाकण बसण्यासाठी. केबलच्या ठोकळ्याला पिनांच्या मुळाशी खांद्यासारखी एक कड होती. ती कड त्या खोलगट जागेत उतरत नव्हती, बाहेरच्या काठावर टेकून राहत होती. शिवाय उघडलेलं रबरी झाकण लोंबत असल्यामुळे ठोकळ्याखाली यायचं, तो अडथळा वेगळा. बाहेरून बघताना प्लग अगदी चपखल बसल्यासारखा दिसतो, फट जाणवतही नाही, आणि आत मात्र पत्त्या चुकलेल्या.

काकांना परत फोन केला. "कापू का कड?"

"काप. पण आधी रात्रभर विचार करून बघ कुठून कापायची ते. प्लास्टिक परत लावता येत नाही."

मी रात्रभर थांबले नाही, पण तासभर थांबले. जुन्या वर्तमानपत्रावर प्लग ठेवला, दोन्ही पिनांवर मास्किंग टेप गुंडाळली म्हणजे पातं निसटलं तरी धातूला ओरखडा जाऊ नये. कटरचं नवं पातं लावलं. एका वेळी केसाएवढं, पेन्सिलीला टोक करतात तसं, चारी बाजूंनी खांदा तासत गेले. काळे कीस कागदावर पडत होते. दर चार-पाच वेळा टेप काढून प्लग सेटमध्ये घालून बघायचा, खूण कुठे आली ते बघायचं, परत टेप लावायची. एका कोपऱ्यात प्लास्टिक पातळ व्हायला लागलं तेव्हा तिथे थांबले, आत वायरींचे टाके असतात. रबरी झाकण मागे वळवून सेलोटेपने सेटच्या पाठीला चिकटवून टाकलं.

नवव्या की दहाव्या वेळी प्लग घातला आणि टक्क, मग किंचित अडून, परत टक्क.

तो दुसरा आवाज मला अजून आठवतो. फार हळू होता, पण बोटांना कळला.

भाच्याच्या लॅपटॉपवर बसण्याआधी मी आणखी एक गोष्ट केली, जी पहिल्याच रात्री करायला हवी होती: केबल एकटी तपासली. सेट न लावता, डेटा जायच्या आणि यायच्या कड्या एका छोट्या तारेने एकमेकींना जोडायच्या आणि टर्मिनलच्या प्रोग्राममध्ये एखादं अक्षर टाइप करायचं. केबल चांगली असेल तर तेच अक्षर वळसा घालून परत पडद्यावर उमटतं. मी 'राम' हा शब्द रोमनमध्ये टाइप केला. तीनही अक्षरं परत आली. तार काढली, परत टाइप केलं, काही आलं नाही. म्हणजे चिप, नकली असली तरी, तिचं काम चोख करत होती. पहिल्या रात्री हे दोन मिनिटांत केलं असतं तर ड्रायव्हरच्या मागे दोन दिवस गेले नसते.

आणि मग ती सूचनांची खिडकी मी पहिल्यांदा वाचली. सेट बंद करा. केबल लावा. प्लग घट्ट बसल्याची खात्री करा. सेट चालू करा, आवाज पूर्ण मोठा ठेवावा लागू शकतो. ज्या चॅनेलवर कुणी बोलत नाही अशा चॅनेलवर सेट ठेवा. मग ओके. तिसरं वाक्य तिथेच होतं, रोज रात्री माझ्यासमोर येत होतं.

एकेक सूचना पाळली. ओके दाबलं. सेटवरचा दिवा लुकलुकायला लागला.

या क्षणी आत काय घडतं ते मला फार आवडतं. संगणक आधी सात बाइटची एक ठरलेली खूण पाठवतो. सेटने ती ओळखली तर तो एक बाइट परत पाठवतो, शून्य सहा. हो, ऐकतोय, एवढाच त्याचा अर्थ. हॅमच्या भाषेत रॉजर. त्यानंतरच सगळी स्मृती, तुकड्या तुकड्याने, ९६०० बॉडच्या वेगाने येते. आजच्या हिशेबात हा वेग काहीच नाही, पण आत आहेच किती, काही किलोबाइट. हिरवी पट्टी सरकत राहिली आणि तक्ता उघडला. मी हाताने भरलेले ते दोन चॅनेल पहिल्या दोन ओळींत होते. भाचा खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

लगेच काही बदलायचं नाही, हे काकांनी बजावलं होतं. "आधी सेटचं ऐकून घे, मग त्याला सांग." आलेली प्रत त्या सेटच्या मालकाच्या नावाने जपून ठेवली. सातही सेटांचं असंच केलं: प्रत्येकाची मूळ प्रत वेगळी. एका सेटची पूर्ण प्रत दुसऱ्यात ओतायचा मोह होतो, पण सेट दिसायला सारखे असले तरी आतलं फर्मवेअर, म्हणजे सेट चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळं असू शकतं. म्हणून प्रत्येक सेट वाचायचा, त्याच्या तक्त्यात फक्त चॅनेलच्या ओळी चिकटवायच्या, आणि त्याच सेटवर परत चढवायचं. वेळ लागतो, पण सेट बिघडत नाही.

तक्ता भरणं म्हणजे निव्वळ आनंद होता. एक ते सहा, घाटातले थेट बोलायचे चॅनेल, सगळे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या आत, कारण भारतात दोन मीटरचा हॅम बँड तेवढाच. सात आणि आठ, रिपीटर. तिथे डुप्लेक्सच्या रकान्यात उणे, ऑफसेटमध्ये ०.६००, म्हणजे आपण बोलतो ते ऐकतो त्याच्या ६०० किलोहर्ट्झ खाली, आणि टोन. नऊ-दहा ४३४ ते ४३८मधले, राखीव. अकरावा आणि बारावा भाच्याच्या हट्टाचे: १४५.८०० आणि १४५.८२५, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे. २०२५च्या जुलैत शुभांशु शुक्ला तिथे असताना हॅम रेडिओवरून आपल्या विद्यार्थ्यांशी बोलले, तेव्हापासून त्याला हे वेड लागलंय. या दोन चॅनेलांना मी डुप्लेक्समध्ये 'ऑफ' दिलं. मग त्या चॅनेलवर बोलायचं बटण दाबलं तरी सेट प्रसारण करत नाही, नुसता ऐकतो. गर्दीत चुकून बटण दाबलं जातं, आणि तिथे आपला आवाज जायला नको.

नावाला सातच अक्षरं मिळतात आणि तीही रोमन. घाटाची जागा, वर की खाली, एवढं सात अक्षरांत बसवायला आम्ही दोघं अर्धा तास भांडलो. शेवटी माथा, मंदिर, वळण, पायथा अशी नावं ठरली. वापरणारा माणूस पडद्याकडे एकदाच बघणार, त्याला विचार करायला लागता कामा नये.

एक गोष्ट मला इथे कळकळीने सांगायची आहे. या केबलने सेटमध्ये १३६ ते १७४ आणि ४००च्या पुढचं जवळजवळ काहीही भरता येतं. त्या पट्ट्यात फक्त हॅम नाहीत. पोलीस, इतर सरकारी यंत्रणा, कंपन्यांचे परवाने, सगळे तिथे आहेत. सेट कुणाला विचारत नाही, तो सांगाल तिथे बोलतो. म्हणून परवाना आधी, केबल नंतर. परीक्षा अवघड नाही. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की बसता येतं, परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम एवढंच. मी वयाच्या ४६व्या वर्षी दिली, शाळा सुटून तीस वर्षं झाली होती, आणि पास झाले. ज्यांना फक्त ट्रेकला जाताना दोन गटांत बोलायचंय त्यांच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे विनापरवाना सेट मिळतात, त्यांना या केबलची गरजच नाही.

उरलेले सहा सेट एका रात्रीत झाले. पाचवा मध्येच अडला, निम्म्यावर पट्टी थांबली आणि चूक आली. पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की तो सेट ज्या फ्रिक्वेन्सीवर ठेवला होता तिथे कुणीतरी बोलायला लागलं होतं. रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर नेला, बंद करून चालू केला, परत वाचला. चढवून झालं की प्रत्येक सेट आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्या वेळी पडद्यावर नावं उमटली की मी बारा चॅनेल एकेक करून मोठ्याने वाचायची आणि भाचा कागदावर टिक करायचा. सात कागद, प्रत्येकी बारा टिका.

रविवारी पहाटे आम्ही सगळे वेताळ टेकडीवर जमलो. तिघं तिथेच थांबले, दोघं पाषाणच्या बाजूला उतरले, दोघं थेट दिवे घाटात गाडीने गेले. काकांनी सेट तोंडाशी धरून, नेहमीच्या त्यांच्या शांत आवाजात, एक नंबरपासून एकेक चॅनेलवर सगळ्यांची हजेरी घेतली. घाटातून टेकडीपर्यंत थेट काही आलं नाही, मध्ये डोंगर आहेत, ते अपेक्षितच होतं. रिपीटरवरून मात्र दोघांचेही आवाज आले, एकाच्या मागे कोंबडा आरवत होता. एकाही माणसाला 'तुझा तीन कुठला?' असं विचारावं लागलं नाही. पालखीच्या दिवशीही लागलं नाही. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यात केबलचा भाग एवढाच.

आता ती केबल आमच्या गटात सगळीकडे फिरते. तिच्या ३.५च्या पिनेच्या मुळाशी मी लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली आहे, अगदी प्लास्टिकलगत, जिथे तिचा कुठल्याही पत्तीशी संबंध येत नाही. प्लग पूर्ण बसला की रेघ सेटच्या आत जाते. यूएसबीच्या टोकाला कागदाची चिठ्ठी टेपने गुंडाळली आहे: "लाल रेघ दिसत असेल तर संगणकाला हात लावू नका." गेल्या महिन्यात हडपसरच्या एका नव्या हॅमने ती नेली होती. परवा आणून दिली तेव्हा चिठ्ठीखाली त्याच्या अक्षरात आणखी एक ओळ होती: "झाकण मागे वळवून टेप लावा."